शाळेतील कौटुंबिक विज्ञान-संध्या : संकल्पना, नियोजन आणि महाविद्यालयाची भूमिका

प्रस्तावना

ग्रामीण शाळेच्या आवारात पालकाचे पाऊल वर्षातून मोजक्याच वेळा पडते. पाल्याच्या प्रवेशासाठी, प्रगतिपुस्तकावर सही अथवा अंगठा देण्यासाठी, स्नेहसंमेलन पाहण्यासाठी आणि क्वचित तक्रार ऐकून घेण्यासाठी. या चारही प्रसंगी पालकाने काही सांगावे अशी अपेक्षा नसते. त्याने ऐकावे, पाहावे आणि परत जावे, एवढेच अभिप्रेत असते. ज्या घरात शाळेत जाणारी पहिलीच पिढी आहे, त्या घरातील आईवडिलांच्या मनात शाळेविषयी आदर असतो. परंतु तो बराचसा दुरून केलेला असतो. मूल सहावी-सातवीत पोहोचले, की विज्ञान व गणित या विषयांबाबत 'आम्हाला त्यातले काही कळत नाही' असे म्हणून पालक बाजूला होतो आणि हे वाक्य तो मुलाच्या देखत उच्चारतो. आपल्या घरात जे आहे ते ज्ञान नव्हे, अशी मुलाची समजूत होण्यास तेवढे पुरेसे असते.

'कौटुंबिक विज्ञान-संध्या' या उपक्रमाचा विचार याच संदर्भात करावयाचा आहे. शाळेच्या आवारात सायंकाळी दोन-अडीच तास मुलाने आपल्या घरातील एका तरी मोठ्या माणसाबरोबर बसून साध्या साहित्याने प्रयोग करणे, वस्तू उघडून पाहणे, मोजणे आणि त्याविषयी एकमेकांशी बोलणे, असे या उपक्रमाचे स्वरूप असते. जिल्हा परिषदेची उच्च प्राथमिक शाळा आणि तिच्या परिसरातील महाविद्यालय यांनी मिळून असा उपक्रम कसा योजावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पालकाला त्याच्या मुलासमोर अज्ञानी ठरवणार नाही अशी रचना करणे, ही या नियोजनातील सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

संकल्पनेची पूर्वपीठिका

अशा उपक्रमाचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील लॉरेन्स हॉल ऑफ सायन्स या संस्थेत मुलींचा व वंचित समाजगटांतील विद्यार्थ्यांचा गणितातील सहभाग वाढावा म्हणून एक कार्यक्रम चालवला जात होता. त्यातूनच १९८० च्या दशकात 'फॅमिली मॅथ' हा उपक्रम पुढे आला आणि १९८६ मध्ये त्याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पालक आणि मुले सायंकाळी शाळेत एकत्र येतात, घरातील साध्या वस्तू वापरून गणिती कोडी व खेळ करतात आणि तेच खेळ घरी नेतात, अशी त्याची पद्धत होती. स्पॅनिश भाषक कुटुंबांसाठी पुस्तकाची स्पॅनिश आवृत्तीही काढण्यात आली. घरात जी भाषा बोलली जाते त्याच भाषेत विषय पोहोचला पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती. पुढे याच धर्तीवर विज्ञानाच्या आणि तंत्रज्ञानाच्या कौटुंबिक रात्री अमेरिकी शाळांमधून रूढ झाल्या.

भारतात कृतियुक्त विज्ञानाची परंपरा निराळ्या वाटेने आली. केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ मध्ये आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. या संस्थांनी लोकभाषेतून विज्ञान पोहोचवण्याचे काम केले. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांपासून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने 'करून पाहणे' हा शालेय विज्ञानाचा पाया मानला. हा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. तथापि त्यातून तयार झालेली दृष्टी टिकून राहिली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून भूमितीच्या आकृती बनवण्याची अरविंद गुप्ता यांची कल्पना याच कार्यक्रमाच्या सहवासात आकारास आली. टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली त्यांची शेकडो खेळणी आज मराठीतही उपलब्ध आहेत. या सर्व प्रयत्नांच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने विद्यार्थी आणि शिक्षक होते. पालक व मूल यांना एकाच वेळी एकाच कृतीत गुंतवणे, हा भाग मात्र आपल्याकडे तुलनेने उपेक्षित राहिला आहे.

परदेशातील नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तेथील रात्र ही पालकाकडे मोटार आहे, त्याला छापील सूचना वाचता येतात आणि कामाची सुटी ठरलेल्या वेळी होते, असे गृहीत धरून आखलेली असते. आपल्याकडील वाडीवस्तीवर यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही.

विज्ञान प्रदर्शनाहून वेगळेपण

विज्ञान प्रदर्शन आपल्या शाळांना परिचित आहे. थर्माकोलचा ज्वालामुखी, पर्जन्यजल संधारणाची प्रतिकृती, पवनचक्की आणि त्यांच्या मागे पाठ केलेली माहिती भराभर सांगणारा विद्यार्थी, हे चित्र कोणत्याही तालुक्यात सारखेच दिसते. (प्रतिकृती पुष्कळदा थोरल्या भावाची अथवा शिक्षकांची असते, हेही सर्वश्रुत आहे.) प्रदर्शनाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही, परंतु त्यात स्पर्धा असते, क्रमांक असतात आणि पालकाच्या वाट्याला येते ते केवळ रांगेतून पुढे सरकणे. मूल सांगते आणि पालक मान डोलावतो. पालकाला एखादी शंका आली तरी ती विचारण्याचे धैर्य होत नाही.

संध्येत क्रमांक नसतात, परीक्षक नसतात आणि पाठ केलेले भाषणही नसते. प्रत्येक कोपऱ्यात असा एखादा तरी प्रश्न असावा लागतो, की ज्याचे निम्मे उत्तर मोठ्या माणसाच्या अनुभवात आहे आणि निम्मे मुलाच्या पाठ्यपुस्तकात. या कसोटीवर न उतरणारा प्रयोग कितीही नेत्रदीपक असला तरी तो या संध्येसाठी निरुपयोगी समजावा. चमत्कारांमागील विज्ञान दाखवणारे कार्यक्रम महाराष्ट्रात अनेक वर्षे होत आले आहेत आणि प्रबोधनाच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे. तरीही त्या सादरीकरणात प्रेक्षक प्रेक्षकच राहतो. येथे त्याला प्रेक्षक राहू द्यावयाचे नाही.

तारीख, वेळ आणि जेवण

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामाचा शोध १९२८ मध्ये याच दिवशी लागला आणि १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो. साहजिकच कोणत्याही विज्ञान उपक्रमासाठी हीच तारीख प्रथम सुचते. प्रत्यक्षात ती गैरसोयीची आहे. त्या सुमारास बोर्डाच्या परीक्षांची धामधूम असते आणि महाविद्यालयातील विद्यार्थीही अंतर्गत परीक्षांत गुंतलेले असतात. डिसेंबरचा उत्तरार्ध अथवा जानेवारी हा काळ त्या मानाने सोयीचा ठरतो. मात्र तेथेही स्थानिक कामाचा हंगाम पाहिलाच पाहिजे. कापूस वेचणीच्या पट्ट्यात आया दिवसभर शेतात असतात. मराठवाड्यातील ज्या गावांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे स्थलांतर करतात, तेथे दिवाळीनंतर निम्मे पालक गावातच नसतात. अशा गावी ही संध्या पावसाळ्याच्या आरंभी घ्यावी लागेल आणि आकाशदर्शनावर पाणी सोडावे लागेल. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, हे वेगळे सांगणे नको.

तिथीचाही विचार करावा. शुद्ध सप्तमी ते दशमी या दरम्यानचा दिवस सर्वांत चांगला. सूर्यास्तानंतर चंद्र आकाशात उंचावर असतो, त्याच्या प्रकाशित व अप्रकाशित भागांच्या सीमेवरील विवरांच्या सावल्या साध्या दुर्बिणीतूनही स्पष्ट दिसतात आणि कार्यक्रम संपल्यावर घरी जाणाऱ्यांना वाटेवर उजेड मिळतो. पौर्णिमेचा चंद्र लोकांना अधिक आवडतो, परंतु दुर्बिणीतून तो सपाट दिसतो, कारण त्या दिवशी सूर्यप्रकाश जवळजवळ समोरूनच पडत असल्यामुळे सावल्या पडत नाहीत.

यापुढील मुद्दा जेवणाचा आहे आणि नियोजनाच्या बैठकीत तो पुष्कळदा शेवटी येतो. वास्तविक तो पहिला असावयास हवा. सायंकाळी सहा ते साडेआठ ही चुलीपुढे बसण्याची वेळ आहे. त्या वेळी शाळेत या असे सांगणे म्हणजे पुरुषांना या असे सांगणे होय. माता याव्यात अशी इच्छा असेल, तर त्या रात्रीचा स्वयंपाक त्यांच्यावरून उतरवला पाहिजे. शालेय पोषण आहार शिजवणारा महिला बचत गट गावात असल्यास त्यालाच मोबदला देऊन खिचडीचे काम सोपवावे. त्यासाठी लागणारे तांदूळ-डाळ मात्र लोकवर्गणीतून घ्यावी. योजनेच्या धान्याला हात लावू नये. त्याचा हिशेब स्वतंत्र असतो आणि मुख्याध्यापकांना नंतर त्याचे उत्तर द्यावे लागते. कामाच्या महिलांचीही मुले शाळेत असतील, तर त्यांना कोपऱ्यांतून फिरता यावे म्हणून वाढण्याचे काम महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी, त्यातही मुलांनी, करावे.

उद्घाटनाचा समारंभ शक्यतो नसावा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि पाच मनोगते यांत पहिला तास निघून जातो व लहान मुले पेंगू लागतात. सरपंचांना व्यासपीठावर बसवण्याऐवजी नातवंडासह एखाद्या कोपऱ्यात बसवले, तर त्यांचाही मान राहतो आणि इतरांचा संकोचही जातो. निमंत्रण मुलांनी तोंडी द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी वाडीवाडीवर जाऊन तेच पुन्हा सांगावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. ही तरतूद बहुधा कागदावर राहते. या निमित्ताने तिचा उपयोग करून घेता येईल.

'कुटुंब' या शब्दाचा अर्थ सैल ठेवावा. आजी, काका, थोरली बहीण, शेजारीण यांपैकी कोणीही चालेल. ज्या मुलाचे कोणीच येऊ शकणार नाही, त्याच्यासोबत कोण बसणार हे आदल्या दिवशी ठरलेले असावे. ऐनवेळी सर्वांसमोर विचारणा करणे क्रूरपणाचे होते.

कोपऱ्यांची योजना

साठ कुटुंबांसाठी पाच ते सहा कोपरे पुरेसे होतात. टेबलांची आवश्यकता नाही. वर्गातील बाके हलवून सतरंज्या अंथराव्यात. प्रत्येक कोपऱ्यात साहित्याचे चार-पाच संच आणि दोन स्वयंसेवक असावेत. दर पंधरा मिनिटांनी घंटा वाजवून गट फिरवण्याची पद्धत व्यवस्थापनास सोयीची असली, तरी रंगलेल्या कुटुंबाला ती उठवून लावते. मोकळेपणाने फिरू द्यावे हे बरे.

हळदीचा कोपरा सर्वांत सोपा आणि सर्वांत बोलका. हळदीचे पाणी लावून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर साबणाचे पाणी, लिंबाचा रस, खाण्याच्या सोड्याचे पाणी, ताक असे एकेक थेंब टाकून पाहावयाचे. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य आम्ल व उदासीन द्रावणात पिवळे, तर अल्कधर्मी द्रावणात तांबूस होते. हे मुलाला सातवीच्या पुस्तकातून ठाऊक असते. आईला ते दुसऱ्या वाटेने ठाऊक असते. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो आणि धुऊन उन्हात टाकल्यावर हळूहळू उडतो, हे तिने अनेकदा पाहिलेले असते. हळद-चुन्याचा लेप लाल का दिसतो आणि हळदीपासून कुंकू कसे करतात, हेही एखाद्या आजीला माहीत असते. येथे स्वयंसेवकाने 'दर्शक' हा शब्द उच्चारण्याची घाई करू नये. "मावशी, साबणाने लाल झालेला डाग पुन्हा पिवळा करता येईल का?" असा प्रश्न विचारून थांबावे. लिंबू समोरच असते. जास्वंदीच्या पाकळ्या चोळलेला कागद शेजारी ठेवला, तर लिंबाच्या रसाने तो लालभडक होताना दिसतो. लिंबू कापल्यावर 'रक्त' निघण्याच्या चमत्काराचा उलगडा मग कोणी न सांगताही होतो, आणि त्यासाठी कोणाच्या श्रद्धेची थट्टा करावी लागत नाही.

बियाण्याच्या कोपऱ्यात वडीलधाऱ्यांना बोलते करण्याची शक्ती अधिक आहे. भात पिकवणाऱ्या भागात पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे वेगळे करण्याची शिफारस कृषी विस्तारकांनी रुजवलेली आहे. प्रमाण १० लिटर पाण्यास ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्के. तळाशी बसलेले भरीव दाणे घेऊन ते स्वच्छ पाण्याने धुवावयाचे आणि सावलीत सुकवावयाचे. शेतकरी ही कृती करतो. 'घनता' हा शब्द तो वापरत नाही. मूल घनतेचे सूत्र लिहिते. बियाण्याशी त्याचा संबंध त्याला लागलेला नसतो. एका भांड्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात मिठाचे पाणी ठेवून दोन्हींत किती दाणे तरंगले हे बापलेकांनी मिळून मोजले, की दोघांचेही अर्धे ज्ञान पुरे होते. मीठ आणखी वाढवले तर काय होईल, या प्रश्नावर बहुधा वाद होतो आणि तो होऊ द्यावा. चांगले दाणेही तरंगू लागतील, म्हणूनच प्रमाण ठरवावे लागते, हे त्यातूनच पुढे येते. या कोपऱ्यासाठी घरचेच बियाणे आणावे. पाकिटातील गुलाबी वा निळसर रंगाचे बियाणे औषध चोळलेले असते आणि ते मुलांच्या हाती देणे धोक्याचे आहे.

प्रेशर कुकरचा कोपरा तंत्रज्ञानाच्या अंगाने घ्यावयाचा आहे. कुकर पेटवू नये. जुना कुकर उघडून झाकण, रबरी रिंग, शिट्टी आणि सुरक्षा झडप हे भाग सुटे मांडावेत आणि प्रत्येक भाग नसता तर काय झाले असते, असे विचारावे. कुकरमध्ये वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे एक वातावरण इतका अधिक दाब निर्माण होतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. शिट्टीचे वजन सोनाराच्या काट्यावर करून त्याला भोकाच्या क्षेत्रफळाने भागले, की हा दाब आठवीच्या विद्यार्थ्यालाही काढता येतो. उलट महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणून तेथे डाळ उघड्या भांड्यात लवकर शिजत नाही. रिंग ढिली झाल्याचे आवाजावरून ओळखणारी आई येथे सहजपणे तज्ज्ञ ठरते.

दुरुस्तीच्या कोपऱ्यात बंद पडलेली विजेरी, सायकलचा डायनॅमो, भिंतीवरचे घड्याळ अशा वस्तू खोलण्यासाठी ठेवाव्यात. हाताने फिरवलेल्या डायनॅमोवर दिवा लागतो, तेव्हा वायरमन अथवा गॅरेजवर काम करणारा पालक आपण होऊन पुढे येतो. मात्र येथेच एक अडचण उद्भवते. उत्साहाच्या भरात वडील स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या हातात घेतात आणि मूल, विशेषतः मुलगी, पाहत राहते. म्हणून या कोपऱ्यापुरता एकच नियम करावा : हत्यार मुलाच्या हाती राहील, मोठ्याने वस्तू धरावी. हा नियम सर्वांना सारखा सांगितला, तर कोणी दुखावत नाही.

मोबाइलच्या कोपऱ्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, स्वस्त लेझर विजेरीतील छोटे भिंग कॅमेऱ्यावर बसवले, की मिठाचे स्फटिक आणि मुंगीचे पाय उत्तम दिसतात. दुसऱ्या मोबाइलचा पांढरा पडदा याच भिंगातून पाहिल्यास पांढरा रंग नाहीसा होऊन तांबडे, हिरवे आणि निळे ठिपके दिसू लागतात. एवढा एकच अनुभव पुरेसा आहे. चित्रफिती दाखवण्याचा मोह येथे टाळावा.

आकाशाचा कोपरा मैदानात असेल. संध्येला संध्याकाळच का हवी, याचे खरे समर्थन येथे आहे. जानेवारीत सायंकाळी मृग नक्षत्र पूर्वेला वर आलेले असते. तीन ताऱ्यांचा बाण, त्याच्या रेषेत खाली व्याध आणि वरच्या बाजूस तांबूस रोहिणी, हे गावातील वृद्धांना पुष्कळदा शिक्षकांपेक्षा लवकर सापडते. त्यांना विचारण्याजोगा प्रश्न असा : मृग नक्षत्र जूनच्या ७-८ तारखेला 'लागते', मग ते जानेवारीत आकाशात कसे? आणि जूनमध्ये ते रात्री दिसते काय? पाऊस आणि पेरणी ज्या नक्षत्रांवर मोजली जाते, ती त्या काळी सूर्याच्या पाठीमागे असतात, म्हणून दिसत नाहीत. आणि जे नक्षत्र आज सायंकाळी पूर्वेला आहे, तिथे सूर्य पाचएक महिन्यांनी पोहोचणार आहे. शेतकऱ्याच्या तोंडचा 'मृग' आणि भूगोलाच्या पुस्तकातील पृथ्वीचे परिभ्रमण यांची गाठ येथे पडते. काही मुले कंदील किंवा विजेरी सूर्य समजून आणि स्वतः तिच्याभोवती फिरून हे करून पाहतात. त्यांना तसे करू द्यावे, वेळ गेला तरी चालेल.

ध्रुवतारा शोधण्यासाठी जानेवारीच्या सायंकाळी सप्तर्षी उपयोगी पडत नाहीत. शर्मिष्ठेचा आधार घ्यावा लागतो. हात ताठ करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांचा कोन दाखवते. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या गावाचे अक्षांश. महाराष्ट्रात ती साधारणपणे १६ ते २२ अंश, म्हणजे दोन मुठींच्या आसपास भरते. आजोबांची मूठ मोठी आणि हातही लांब, नातवाची मूठ लहान आणि हातही आखूड. तरी उत्तर जवळपास तेच येते, हे पाहून होणारी चर्चा कोणत्याही व्याख्यानाहून मोलाची असते.

स्वयंसेवकांची तयारी

या उपक्रमाचे यश स्वयंसेवकांवर अवलंबून आहे आणि त्यांच्याकडून होणारी मुख्य चूक म्हणजे अधिक सांगणे. विज्ञान शाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्याला आपले ज्ञान दाखवण्याची हौस असणे स्वाभाविक आहे. त्यासाठी आधी दोन सरावसत्रे घ्यावीत आणि त्यांत महाविद्यालयातील शिपाई, स्वयंपाकी, माळी यांनाच कुटुंबीय म्हणून बसवावे. स्वयंसेवकाने किती वाक्ये बोलली हे दुसऱ्या विद्यार्थ्याने मोजावे. पालकांना 'मावशी', 'काका', 'आजी' असे त्या गावच्या रीतीने संबोधावे; 'पालक' हा शब्द समोर बोलताना फार कोरडा वाटतो. कोणालाही वाचून दाखवण्यास अथवा लिहिण्यास सांगू नये. हजेरीच्या वहीत नाव लिहावयाचे झाल्यास ते स्वयंसेवकाने लिहावे. प्रवेशद्वारापाशीच सहीसाठी वही पुढे केली, की निरक्षर माता तिथूनच मागे फिरते. सूचनाफलक चित्रांचे असावेत.

सुरक्षिततेच्या बाबी थोड्या आहेत, परंतु त्यांत तडजोड नको. स्पिरिटचे दिवे आणि उघडी ज्योत नको. २३० व्होल्टच्या विजेवर चालणारे कोणतेही उपकरण कोपऱ्यात नको. प्रयोग सेलवरच व्हावेत. जुना चित्रनलिकेचा दूरदर्शन संच खोलावयास देऊ नये, कारण बंद असतानाही त्यात विद्युतभार साठलेला असू शकतो. सीएफएल दिव्यात पारा असतो आणि मोबाइलची फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, दोन्ही वर्ज्य. हळदीच्या कोपऱ्यात चुना वापरावयाचा झाल्यास आधी तयार केलेली निवळीच, तीही ड्रॉपरने, स्वयंसेवकाने द्यावी. चुन्याच्या पुडीने लहान मुलांचे डोळे गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत. दूरच्या वस्तीवरील महिलांना परत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे पोलीस पाटलांना विचारून आधीच नेमून द्यावे.

महाविद्यालयाने काय करावे

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर बहुधा डिसेंबर-जानेवारीतच दत्तक गावात भरते. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, असा त्याचा ठरलेला साचा आहे. दुपारच्या बौद्धिकास शिबिरार्थीच प्रामुख्याने उपस्थित असतात, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगावयास नको. शिबिराच्या पाचव्या वा सहाव्या दिवशी एका रात्रीचा सांस्कृतिक कार्यक्रम बाजूला ठेवून ही संध्या घेतली, तर तोपर्यंत विद्यार्थ्यांची गावात ओळख झालेली असते आणि वेगळ्या प्रवासखर्चाचा प्रश्न येत नाही. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांइतकाच मराठी विभागाचा यात वाटा आहे. नक्षत्रांची, बियाण्यांची, अवजारांची जी स्थानिक नावे त्या रात्री कानावर पडतात, ती टिपून घेणारे विद्यार्थी प्रत्येक कोपऱ्यात असावेत.

विस्तार कार्याची नोंद मूल्यांकनासाठी ठेवावी लागते आणि ती ठेवावी. मात्र 'लाभार्थी' या स्तंभात केवळ डोकी मोजली, तर पुढच्या वर्षी आकडा फुगवण्याकडे कल जातो. दोनशे माणसे मैदानात उभी करून एक भाषण ऐकवणे सोपे आहे. तीस कुटुंबे दोन तास खिळवून ठेवणे अवघड आहे, आणि अहवालात ते लहान दिसते. कार्यक्रमानंतर लगेच अभिप्राय-पत्रक भरून घेण्याची प्रथाही येथे गैरलागू आहे. त्यात 'कार्यक्रम छान झाला' याखेरीज काही मिळत नाही, आणि लेखनाचा जो अडसर दूर केला तोच पुन्हा उभा राहतो.

त्यापेक्षा प्रत्येक कुटुंबासोबत एक काम घरी पाठवावे आणि त्याचे काय होते ते पाहावे. विरजणाचे काम सोपे आहे : सारख्याच दुधाच्या दोन वाट्या, सारखेच विरजण, एक वाटी चुलीजवळ आणि एक उघड्या खिडकीत, सकाळी कोणते दही आधी लागले ते वर्गात सांगावयाचे. बियाण्याचे काम अधिक दिवसांचे आहे. तळाशी बसलेल्या दाण्यांपैकी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ओळीने मांडावयाचे, गुंडाळी करून सावलीत ठेवावयाची आणि रोज पाणी शिंपडावयाचे. प्रमाणित भात बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी लागते, एवढाच निकष सांगावा. हंगामात नुकतेच कापलेले बी सुप्तावस्थेत असल्यास आणि थंडी असल्यास उगवण कमी अथवा उशिरा दिसते. तसे झाल्यास तीच गुंडाळी मार्चमध्ये नव्या शंभर दाण्यांनी पुन्हा करावयाची. आठवड्याने या गुंडाळ्या वर्गात उघडण्याचा दिवस शाळेने आधीच ठरवून ठेवावा आणि ज्यांना जमेल त्या पालकांना त्या दिवशी सकाळी कामावर जाण्यापूर्वी अर्धा तास बोलवावे. मोजणी त्यांनी करावी, फळ्यावर आकडे मुलांनी लिहावेत, आणि महाविद्यालयातून गेलेल्या दोघा विद्यार्थ्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकावे.